'महात्मा' आणि 'धर्मात्मा' : एका संतबोलपटाच्या नामांतराचा इतिहास

पोथ्या, बखरी, शिलालेख व ताम्रपट यांच्या विचारांत ज्यांचा काळ जातो, त्यांच्यापुढें बोलपटाचा विषय मांडणें कित्येकांस अस्थानीं वाटेल. परंतु ज्या घटनेस आतां नव्वद वर्षें होत आलीं, जिचे साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले आणि जिचीं साधनें दिवसेंदिवस नष्ट होत आहेत, ती घटना इतिहासाच्या कक्षेंत आली असेंच म्हटलें पाहिजे. शिवाय आम्ही ज्या बोलपटाविषयीं लिहीत आहों, त्याचे नायक पैठणचे एकनाथमहाराज आहेत. आणि हस्तलिखितें जमविणाऱ्या कोणासही नाथ परके नाहींत. पाठांतरांनीं अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शके १५०६ मध्यें शोधून शुद्ध करणारा हा पुरुष आपल्या व्यवसायांतील आद्य आचार्यच होय.

१९३५ सालीं पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें नाथांच्या चरित्रावर एक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें, लेखन के. नारायण काळे यांचें, संगीत मास्तर कृष्णराव यांचें, आणि नाथांच्या भूमिकेंत प्रत्यक्ष बालगंधर्व. गिरिजाबाईचें काम रत्नप्रभा यांनीं केलें व नाथांस छळणाऱ्या महंताचें स्वतः काळे यांनीं. बोलपटाचें नांव 'महात्मा' असें ठरलें होतें. मुंबईच्या सेन्सॉर मंडळास तें मान्य झालें नाहीं. कारण त्या काळीं हा शब्द उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पैठण उभें राहत नसे, साबरमती आणि येरवडा उभें राही. अखेर नांव बदलून 'धर्मात्मा' करण्यांत आलें व त्याच नांवानें बोलपट लोकांपुढें आला. बहुतेक ठिकाणीं एवढीच हकीकत सांगून लेखक पुढें जातात. आमच्या मतें ती अधिक विचारास पात्र आहे.

प्रथम कायद्याची व्यवस्था ध्यानीं घेतली पाहिजे. चित्रपटांच्या परीक्षणाचा कायदा सरकारनें १९१८ सालीं केला आणि १९२० सालीं मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें मंडळें नेमलीं. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध हक्कानें पोलीस कमिशनर असत. एका मंडळाचा दाखला सर्वत्र चाले खरा. तथापि कोणत्याही प्रांताच्या सरकारास आपल्या हद्दींत तो रद्द करतां येई, व जिल्हा मॅजिस्ट्रेटास खेळ तात्पुरता थांबवितां येई. म्हणजे कंपनीचें भांडवल एका नव्हे, अनेक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होतें. याचा पहिला मोठा अनुभव १९२१ सालीं कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर' या मूकपटास आला. कांजीभाई राठोड यांनीं तो दिग्दर्शित केला होता आणि विदुराचें काम कंपनीचे मालक द्वारकादास संपत यांनीं केलें होतें. हा विदुर डोक्यावर गांधीटोपी व अंगांत खादी घालून हस्तिनापुरांत वावरत होता. कराची आणि मद्रास येथें या चित्रपटास बंदी झाली. अधिकाऱ्यांचें म्हणणें असें कीं हा विदुर नव्हे, हे गांधी आहेत. आणि प्रामाणिकपणें बोलावयाचें तर तें खोटें नव्हतें.

खुद्द प्रभात कंपनीसही नामांतराचा प्रसंग नवा नव्हता. १९२९ सालीं कोल्हापुरास दामले, शांताराम, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी या पांच भागीदारांनीं ती स्थापन केली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. कोल्हापुरास असतांना १९३० सालीं तिनें शिवछत्रपतींच्या आरंभीच्या पराक्रमावर 'स्वराज्याचें तोरण' या नांवाचा मूकपट केला, तेव्हां सेन्सॉरास 'स्वराज्य' हा शब्द खपला नाहीं, आणि तो 'उदयकाल' म्हणून दाखविण्यांत आला. शिवाजीमहाराज चालतील, स्वराज्य चालणार नाहीं. एकनाथ चालतील, महात्मा चालणार नाहीं, असा हा न्याय. अर्थाचा धसका सरकारनें घेतला आणि शिक्षा शब्दास दिली.

या शब्दांविषयीं दोन गोष्टी सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. संस्कृतांत 'महात्मा' हें विशेषण फार सढळ हातानें वापरलेलें आहे. रामायणांत तें रावणाच्याही वांट्यास आलें आहे. महाराष्ट्रांत १८८८ सालीं मुंबईच्या लोकांनीं ही पदवी जोतीराव फुले यांस दिली, तेव्हां कोणा कमिशनराची झोंप उडाल्याचें ऐकिवांत नाहीं. पुढें तीस-पस्तीस वर्षांत त्या शब्दाचा अर्थ इतका आकुंचित झाला कीं तो जणूं विशेषनामच बनला. उलट 'धर्मात्मा' हा शब्द निरुपद्रवी म्हणून पुढें आला. परंतु गीतेचा नववा अध्याय उघडून पाहावा. तेथें हा शब्द कोणा सोंवळ्या कर्मठास लावलेला नाहीं. अत्यंत दुराचारी असूनही जो अनन्यभावानें भजतो तो लवकरच धर्मात्मा होतो, असें तेथें सांगितलें आहे. आणि त्याच्या पुढच्याच श्लोकांत स्त्रिया, वैश्य व शूद्र यांसही परमगति आहे, असें म्हटलें आहे. ज्या बोलपटाचा विषयच अस्पृश्यतेचा, त्यास सेन्सॉरच्या कृपेनें याहून समर्पक नांव मिळालें नसतें. ही योजना मुद्दाम केली असें आमचें म्हणणें नाहीं. पण संस्कृताचा संस्कार ज्यास आहे त्यास ती जाणवल्यावांचून राहणार नाहीं.

आतां काळाकडे पाहूं. १९३२ च्या सप्टेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांत गांधींचें उपोषण झालें व पुणें करार झाला. १९३३ च्या अखेरीपासून हरिजनकार्यासाठीं त्यांचा देशभर दौरा चालू होता, आणि त्याच दौऱ्यांत २५ जून १९३४ रोजीं पुण्यास त्यांच्या स्वागताच्या प्रसंगीं मोटारीवर बाँब टाकण्यांत आला. नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालू होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. आंबेडकर यांनीं आपण हिंदू म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली. बाँब फुटला त्याच शहरांत, येवल्याची घोषणा झाली त्याच वर्षीं, नाथ महाराच्या घरीं जेवावयास बसलेले पडद्यावर दाखवावयाचे, हें साहस लहान नव्हतें. नुसत्या नांवावर भागलें, हेंच आश्चर्य म्हणावें.

या बोलपटावर घेण्यासारखा खरा आक्षेप असा कीं, विसाव्या शतकांतील हरिजनांचा प्रश्न सोळाव्या शतकांतील संताच्या तोंडीं घातला. हा आक्षेप साधनांच्या कसोटीवर लावून पाहूं. नाथांचें चरित्र सांगणाऱ्यांत महीपति प्रमुख. त्याचा भक्तविजय शके १६८४ चा आणि भक्तलीलामृत शके १६९६ चें. त्याखेरीज कृष्णदासाचें प्रतिष्ठानचरित्र व केशवाचें एकनाथचरित्र हींही आहेत. बोलपटांतील दोन मुख्य प्रसंग, म्हणजे श्राद्धाचें अन्न महारांस वाढणें आणि त्यांच्या घरीं नाथांनीं भोजनास जाणें, हे महीपतीच्या ग्रंथांत स्पष्ट आहेत. श्राद्धासाठीं शिजविलेल्या अन्नाचा वास रस्त्यानें जाणाऱ्या महारांस आला व त्यांच्या मुलाबाळांस पाहून नाथांनीं तें अन्न त्यांसच वाढलें. पैठणच्या ब्राह्मणांनीं मग भोजनास येण्याचें नाकारलें. तेव्हां नाथांचे पितर स्वतः पात्रांवर येऊन बसले. पुढें नाथांस प्रायश्चित्त देण्यांत आलें असतां त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण आला, आणि अंत्यजांस अन्न दिल्याचें पुण्य नाथांनीं त्यास अर्पण करतांच त्याचें कुष्ठ गेलें. ही कथा एका ब्राह्मण ग्रंथकारानें पेशवाईच्या भरांत लिहिलेली आहे, हें ज्यांस बोलपट नवमतवादी वाटला त्यांनीं ध्यानांत ठेवावें. नाथांचें कृत्य पुण्यकारक होतें, असा निवाडा महीपतीनें केव्हांच देऊन ठेवला होता.

मात्र भोजनाचा प्रसंग महीपतीनें ज्या चातुर्यानें सांगितला आहे तें पाहण्यासारखें आहे. राणू महाराच्या घरीं नाथ जेवावयास गेले किंवा नाहीं, हें पाहण्यास ब्राह्मण टेहळणी करतात, तों नाथ आपल्या घरींही दिसतात आणि महारवाड्यांतही दिसतात. महारवाड्यांत जेवले ते पांडुरंग, नाथांचें रूप घेतलेले. अशा रीतीनें भक्ताची इच्छाही पुरी झाली आणि नाथांचें आचारही अबाधित राहिलें. श्रोत्यांपैकीं ज्यास जें हवें तें त्यानें घ्यावें, अशी ही दुहेरी मांडणी होय. बोलपटानें ती मोडली. तेथें जाईनांवाच्या लहान मुलीच्या घरीं स्वतः नाथच जेवतात, आणि त्याचा दंड म्हणजे बहिष्कार तोही स्वतःच भोगतात. काशीच्या प्रवासाचेंही असेंच. परंपरेप्रमाणें नाथांस काशीस जावें लागलें तें भागवतावर प्राकृतांत टीका लिहिली म्हणून. ती टीका त्यांनीं शके १४९५ मध्यें तेथेंच पुरी केली. बोलपटांत काशीच्या पंडितापुढें जाणें आहे तें महंताशीं झालेल्या वादाचा निर्णय म्हणून. दोन निरनिराळ्या तंट्यांची एक गांठ मारली आहे. नाट्यदृष्ट्या तें योग्यच झालें. चरित्रदृष्ट्या त्यावर विसंबूं नये. तात्पर्य, प्रसंग जुने आहेत, त्यांतून निघणारा युक्तिवाद तेवढा नवा आहे. दैवी साक्षीनें मिटलेला वाद बोलपटानें माणसांच्या अंगावर आणून सोडला.

परंतु या बोलपटाचा सर्वांत तीक्ष्ण परीक्षक सनातन्यांतून निघाला नाहीं, आणि सेन्सॉरांतून तर नाहींच नाहीं. 'जातिसंस्थेचें उच्चाटन' या १९३६ च्या निबंधावर गांधींनीं टीका केली, तेव्हां डॉ. आंबेडकर यांनीं तीस दिलेलें उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तींत छापलें. त्यांत त्यांनीं 'धर्मात्मा'चा नांवानिशीं उल्लेख केला आहे. अस्पृश्यांस शिवण्याचें व त्यांच्याबरोबर जेवण्याचें धैर्य दाखविल्याबद्दल या बोलपटांत एकनाथ नायक म्हणून मिरवतात. पण त्यांनीं तें केलें तें जातिभेदास विरोध म्हणून नव्हे, तर झालेला विटाळ गंगास्नानानें धुऊन जातो अशी त्यांची समजूत होती म्हणून, असा त्यांचा अभिप्राय आहे. आणि त्यास आधार म्हणून त्यांनीं एकनाथी भागवताच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांतील १९१ वी ओवी दिली आहे.

संशोधकानें येथें थांबून विचार करावा. बोलपटाचा आधार महीपति, आणि महीपति नाथांच्या समाधीनंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं लिहिणारा. आंबेडकरांचा आधार नाथांचा स्वतःचा ग्रंथ. साधनांच्या प्रतवारीनें पाहतां दुसऱ्याचें पारडें जड आहे, हें मान्य केलेंच पाहिजे, मग तें आपल्या भक्तिभावास रुचो अथवा न रुचो. दुसऱ्या पक्षीं एवढें म्हणतां येईल कीं, टीकाग्रंथांत एका ओवीनें रूढ समजूत सांगितली म्हणून ग्रंथकाराचें सगळें आचरण तिच्यावरून ठरत नाहीं. आणि महाराच्या तोंडीं घातलेलीं जोहाराचीं पदें नाथांच्या नांवावर आहेत, त्यांत महार हा उपदेशकर्ता आहे. पण हीं पदें बाडांतून आलेलीं, एकनाथी भागवताइतकी त्यांची पाठपरंपरा दृढ नाहीं. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, नाथ भूतदयेनें जेवूं घालणारे होते हें बहुधा खरें. ते जातिसंस्था मोडावयास निघाले होते हें मात्र बोलपटानें त्यांस दिलेलें दान आहे. अन्नाची कथा कोणत्या ग्रंथानें कशी फिरविली याचा प्राचीन काव्यांपासून नाटकें-चित्रपटांपर्यंत सविस्तर धांडोळा २०२१ सालीं एका अमेरिकन अभ्यासकानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला, हें येथें नमूद करण्यासारखें आहे. आपल्याकडे तो यापूर्वींच व्हावयास हवा होता.

आतां व्यापाराची बाजू. बालगंधर्व नाटक सोडून पडद्याकडे वळले, त्यास कारण बोलपटच होता. १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि नाटकगृहांचीं चित्रगृहें होऊं लागलीं. गंधर्व मंडळीनें १९३१ सालीं 'संत कान्होपात्रा' हें संतनाटक रंगभूमीवर आणून भजनाची गोडी प्रेक्षकांस लावली होती. परंतु खर्चाचा बोजा मंडळीस पेलेना. अशा वेळीं प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी झाली, ती एकाच बोलपटापुरती नव्हती. प्रत्यक्षांत 'धर्मात्मा' हा एकच बोलपट निघाला व भागीदारी संपली. त्यास अपेक्षेइतकें यश मिळालें नाहीं. कारण सेन्सॉरांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं. ज्यांनीं पंचवीस वर्षें या नटास शालूंत व नथींत पाहिलें, त्यांस सत्तेचाळिसाव्या वर्षींचे, धोतर-उपरणें घातलेले नाथ पाहून चुकल्याचुकल्यासारखें झालें. एकेका पदास पांच-पांच वेळां वन्समोअर घेणाऱ्या गायकास कॅमेऱ्यापुढें तुकड्यातुकड्यांनीं गावें लागलें, तेंही त्यांस मानवलें नाहीं. पुढें १९३७ सालीं बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हां स्त्रीवेषानें आले, यावरून काय तें समजावें.

वादानें धंदा वाढतो, असें आज सर्रास बोललें जातें. 'धर्मात्मा'च्या बाबतींत तें खरें ठरलें नाहीं. नामांतराचा बोभाटा होऊनही तिकिटांची रांग वाढली नाहीं. किंबहुना कंपनीनें त्यावरून घेतलेला धडा उलटाच दिसतो. पुढच्याच वर्षीं, १९३६ च्या अखेरीस, दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला. त्यांतही ब्राह्मण्याचा मद चढलेला शत्रू आहे. परंतु वाद शास्त्रार्थाचा नाहीं, घरांतल्या दाणागोट्याचा आहे, आणि चमत्कार सढळ आहेत. तो मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत जगांतील निवडक तीन चित्रपटांत गणला गेला. 'धर्मात्मा'नें जें युक्तिवादानें साधावयाचें ठरविलें, तें 'तुकारामा'नें जिजाईच्या म्हशीकडून साधून घेतलें, असें म्हटल्यास विनोद होईल, पण असत्य होणार नाहीं. १९४० चा 'संत ज्ञानेश्वर' आणि १९४१ ची 'संत सखू' हे त्याच वाटेनें गेले.

या यशाचा एक परिणाम आपल्या संग्राहकांच्या अगदीं अंगणांत येऊन पडला आहे. 'संत तुकारामा'साठीं शांताराम आठवले यांनीं एक अभंग नवा रचला. तो इतका हुबेहूब उतरला कीं जाणकार म्हणविणारे तो तुकोबांचाच समजून गाथ्यांत शोधूं लागले. विष्णुपंत पागनीस यांची त्या वेषांतील छबी तर कित्येकांच्या मनांत तुकोबांचीच छबी होऊन बसली. १९३६ नंतर लिहिलेल्या भजनाच्या वह्या हातीं आल्या असतां हें विसरतां कामा नये. प्रक्षेप कसा होतो हें आपण पोथ्यांवरून अनुमानानें सांगत असतों. येथें कर्ता, साल आणि प्रसंग तिन्ही ठाऊक असलेला प्रक्षेप आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे.

ज्यांच्या नांवानें हें नामांतर घडलें ते स्वतः या सर्वांपासून अलिप्त होते. १९२७ सालीं चित्रपटविषयक चौकशी समितीस त्यांनीं कळविलें होतें कीं आपण सिनेमा कधीं पाहिला नाहीं. आणि पुढें पाहिला तो १९४३ चा 'रामराज्य', विजय भट्ट यांचा.

प्रभात कंपनी १९५० नंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. तिच्या जागेंत १९६० सालीं सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था निघाली. त्याच आवारांतील जुन्या फितींच्या कोठारास ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागली, आणि नायट्रेटच्या जुन्या चित्रपटांचा मोठा सांठा जळाला. त्यांत प्रभातच्या मूळ प्रतीही गेल्या. 'धर्मात्मा' नंतर केलेल्या प्रतींवरून पाहावयास मिळतो, हें सुदैव. कागदी साधनांचें मात्र कोणीं पाहत नाहीं. चित्रगृहाच्या दाराशीं विकल्या जाणाऱ्या पद्यावल्या, हस्तपत्रिका, भिंतीवरील जाहिराती, वृत्तपत्रांतील आगामी बोलपटांचीं टिपणें हीं सर्व रद्दींत जाणारीं. ज्या छापील कागदावर बोलपटाचें नांव 'महात्मा' असें असेल, तो नामांतरापूर्वींचा. म्हणजे कागदावरील छापखान्याच्या तारखेवरून सेन्सॉरचा निर्णय केव्हां झाला याची पूर्वमर्यादा निश्चित करतां येईल. ज्यांच्या संग्रहीं असा कागद असेल, मग तो फाटका असो वा त्यांत दुसरी पोथी बांधलेली असो, त्यांनीं त्यावरील मजकूर, मुद्रकाचें नांव व तारीख यांची नक्कल मंडळाच्या चिटणीसांकडे धाडावी. जुन्या बाडांच्या पुठ्ठ्यांस चिकटविलेल्या कागदांतही अशा पत्रिका सांपडण्याचा संभव आहे. पुठ्ठा उकलतांना तेवढी काळजी घ्यावी.